वाळवीनं न खाल्लेला दाखला

पेमा नाईक तांडा,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली
दि. ५ सप्टेंबर २०२५

चि. निलमला बाचा आशीर्वाद.

इकडं आमी सारे खुशाल. तुझी खुशाली दर रविवारी फोनवर कळतेच, तरी विचारल्याबिगर पत्र पुरं होत न्हाई म्हणून विचारतो. सोयाबीनला शेंगा बऱ्या लागल्यात. तुझ्या आईचा गुडघा तसाच आहे, पण तोंड जोरात चालू आहे, म्हणजे तब्येतीची काळजी नको. बाळापूरच्या रस्त्यावर नवा पूल होऊन राहिलाय, तो होईल तेव्हा होईल.

फोन असताना बा पत्र काहून लिहितो, असं तुला वाटंल. फोनवर मला पळवाट सापडते, लाइन खराब आहे म्हणलं की सुटलो. कागदावर तसं जमत न्हाई. बत्तीस वर्षं ग्रामसेवकी केली, एकदा लिहिलं की खोडायला हात धजत न्हाई.

तू दवाखान्यात नोकरीला गेलीस तो बेटाएवढा तुझा देश मी नकाशात शोधला. चष्मा लावून शोधला, तरी आधी माशीची घाण समजून नखानं खरडला. रागावू नको. सारा डॉमिनिका मिळून आपल्या हिंगोली शहराएवढीही माणसं न्हाईत, आन् आपल्या जिल्ह्यात असे सहा देश बसतील. हे मी तुला हसत हसत किती वेळा ऐकवलं! झेंड्यावर पोपट कोण काढतं गं, असंही म्हणलो. तू मात्र चिडली न्हाईस. तो पोपट जगात फक्त आमच्याकडं सापडतो, म्हणालीस. आमच्याकडं वर्षाच्या दिवसाइतक्या नद्या आहेत, डोंगरात एक तळं आपोआप उकळतं. आमच्याकडचे गुलाम मालकाच्या मळ्यातून पळून डोंगरात गेले आन् तिथून लढले.

आमच्याकडं, आमच्याकडं. दर रविवारी हा शब्द मी मोजायचो.

त्या मोठ्या वादळाला आता आठ वर्षं होतील. नऊ दिवस तुझा आवाज न्हवता. तुझी आई भाकरी थापायची आन् तशीच परातीत ठेवून द्यायची. दहाव्या दिवशी फोन आला, तेव्हा आधी स्वतःचं सांगशील असं वाटलं होतं. पण तू सांगितलंस, बा, डोंगरावर एका झाडाला पान उरलं न्हाई, सारं जळाल्यासारखं दिसतं. मग दवाखान्याचं छप्पर उडालं तेव्हा पेशंट कुठं नेले ते, आन् शेजारणीनं तिचा एकुलता एक कोरडा कोपरा तुला झोपायला दिला ते. काही महिन्यांनी तो पोपट पुन्हा दिसला म्हणून तू फोनवर रडलीस. त्याच दिवशी मला कळायला पाहिजे होतं की पोरगी तिकडची झाली. कळलं पण होतं. मी कळू दिलं न्हाई.

आता मुद्द्याचं लिहितो.

जूनमध्ये तू सांगितलंस की त्या देशाचं नागरिकत्व घ्यायचं. नोव्हेंबरात त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्याच्या आधी शपथ, आन् त्यासाठी जन्माचा अस्सल दाखला सप्टेंबरअखेर तिथं पाहिजे. न्हाई पोचला तर फाइल बंद, पुन्हा पहिल्यापासून. आपला पासपोर्ट मात्र परत द्यावा लागतो, हेही तूच सांगितलंस. मी म्हणलो, बराबर आहे, काढून देतो. पुढं दर रविवारी तू विचारलंस आन् दर रविवारी मी सांगितलं की जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं, शोध चालू आहे.

निलम, रजिस्टरला वाळवी लागली न्हाई. दाखला जुलैच्या चौदा तारखेपासून माझ्या ट्रंकेत आहे.

हे उघडं कसं पडलं तेही ऐक, म्हणजे बाची किती शोभा झाली ते कळंल. तुझ्या आईला माझं खरं वाटलं. परवा बाळापूरच्या बाजारात तिला आपली ग्रामसेविका दिपा भेटली. आईनं चार बायांत तिला झाडलं, पगार घेता आन् लेकरांच्या जन्माच्या नोंदी वाळवीला चारता व्हय! काल ती पोरगी रजिस्टर पिशवीत घालून आपल्या दारात आली. डोळे भरलेले.

"भाऊसाहेब, एक पान दाखवा खाल्लेलं."

मी चष्मा पुसायला लागलो.

"दाखला मी तुमच्याच हातात दिला. ही बघा तुमची पोच." तिनं पान उघडून आईसमोर धरलं. "माझी नवी नोकरी हाय. तुमच्या सहीवर इथं लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. माझ्यावर काहून ढकललं?"

तुझी नोंदही माझ्याच अक्षरातली. तेव्हा इथला चार्ज माझ्याकडं होता. बत्तीस वर्षांत मी कुणाचा कागद एक दिवस अडवला न्हाई, हे मी चारचौघात छाती ठोकून सांगत आलो. अडवला तो पोटच्या लेकीचा. दिपाची मी हात जोडून माफी मागितली. बाजारातल्या त्या चार बायांनाही खरं काय ते सांगून येणार आहे.

पण काहून अडवला, ते तिला सांगितलं न्हाई. तुला सांगतो.

जुलैच्या तेरा तारखेचा तुझा फोन आठव. तू सांगत होतीस, तिकडं आक्टोबरात एक दिवस सारा देश आपल्या आज्या-पणज्यांचा पोशाख घालून कामावर जातो. बँकेतला साहेब, डॉक्टर, शाळेतली लेकरं, सगळे. चौकड्यांचं कापड, तेही मूळ आपल्या मद्रासचं. मी म्हणलो, त्यात काय एवढं? तेव्हा तू हळूच म्हणालीस, "बा, आजी ऑफिसात भाकरी घेऊन आली होती, तेव्हा तुमी साहेबाला काय सांगितलं, मला याद हाय."

तू सात वर्षांची होतीस, तिचं बोट धरून उभी. माझी याडी, तुझी आजी, आपल्या बंजारा पोशाखात, फेटिया-कांचळीत, अंगभर आरसे. बीडीओ साहेबानं विचारलं, ही कोण? मी म्हणलो, शेतावरची मजूर बाई आहे, साहेब. याडीनं भाकरी टेबलावर ठेवली आन् मजूर बाईसारखीच मागं सरून निघून गेली. मरेपर्यंत तिनं त्याचा एक शब्द काढला न्हाई. मला वाटलं होतं, तू विसरलीस.

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दाखला हातात आला आन् ट्रंकेत गेला. तू दूर जाशील याची भीती होती, खोटं बोलत न्हाई. पण त्याहून मोठा राग होता. आपल्या माणसांची लाज न वाटणारी माणसं तुला सापडली आन् मी त्यातला न्हवतो, याचा राग. तुझ्यावर काढला. चूक माझी.

काल दिपा गेल्यावर तुझ्या आईनं ट्रंक माझ्यापुढं ओढली. मग म्हणाली, "लेकीनं नवऱ्यासाठी घर बदललं असतं तर वाजतगाजत धाडली असती. आता देश बदलून राहिली तर ट्रंकेत कोंडता? तुमची लेक हाय का दप्तर?" मी ट्रंक उघडून दाखला काढला. तिची बोलणी सकाळपर्यंत चालू होती.

दाखला या पाकिटात आहे. आज नांदेडला जाऊन कुरिअर करतो. दोन-तीन आठवडे लागतात म्हणे. वेळेत पोचला तर माझं नशीब. न्हाई पोचला तर तुझं जे नुकसान होईल ते पोस्टानं न्हाई, वाळवीनं न्हाई, तुझ्या बानं केलं, असंच सगळ्यांना सांग. मला माफ कर असं लिहायला हात उचलत न्हाई. माफ करायचं का न्हाई ते तूच ठरव. फक्त रविवारी फोन कर.

शपथेच्या दिवशी तिथल्या साहेबानं विचारलं, बाप कोण, तर मान वर करून सांग.

डॉमिनिका देशाच्या एका नागरिकाचा सख्खा बाप,
देविदास