गिअरबॉक्सखालचा लाल थेंब

१२ नोव्हेंबर, बुधवार
परत लाल तेल! पाणी उपसायला बोटीतली फळी उचलली तर तळात लाल तवंग. हळूहळू फिरत होता. बघतच राहिले. गिअरबॉक्समधलं तेल मोजायची दांडी काढून पाहिली — तेल खुणेच्या खाली.
सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून भाट्याच्या खाडीत पर्यटकांना मीच फिरवते. इंजिनाचं मात्र तेच बघायचे. आज म्हणाले, "मला नाय आता वाकायला जमत. महेंद्रला विचार."
महेंद्रला! नवरा जहाजावर जाऊन चौदा महिने झाले. करार दोनदा वाढवला. फोनवर बोलतो काय — जेवलीस? जेवले. बाबा बरे? बरे.

१३ नोव्हेंबर
विचारलं. त्याचा आवाजच बदलला! जहाजावर इंजिनाकडेच फिटर आहे ना. "तळ कोरडा कर. गिअरबॉक्स लख्ख पूस, खाली पेपर पसर. बोट धक्क्याला बांधूनच इंजिन चालव. थेंब कुठे पडतो सांग — पुढे की मागे?"
पंचवीस मिनिटं बोललो. मी मोजली.

१४ नोव्हेंबर
न्यूट्रलमध्ये काहीच नाही. गिअर टाकला तशी दोरी ताणली, बोट जागीच थरथरत राहिली. बाहेर माडांच्या सावल्या पाण्यात, पाण्याचा उजेड आत छपरावर. फोन चालूच.
"पडला?"
"नाही अजून."
तिकडे त्याच्या जहाजाची घरघर, इकडे माझ्या बोटीची. कुठल्याशा एकाच पाण्यावर बसल्यासारखं वाटलं. थेंब पडूच नये —
टप्प! मागच्या रबरी सीलखाली नाही, पुढे, डाव्या बाजूला.

१६ नोव्हेंबर, रविवार
"तेल थंड करणाऱ्या कुलरकडे जाणारा पाइप बघ. इंजिन निवल्यावर. हात भाजून घेऊ नको गो."
गो म्हणाला! किती दिवसांनी.
टिकल्यांच्या डबीतला आरसा पाइपाखाली धरला. पत्र्याला घासून बारीकशी चीर पडलेली. पाइप तापला की उघडत असणार, निवला की मिटत. म्हणून नुसत्या नजरेला येत नव्हती.

१७ नोव्हेंबर
मिरकरवाड्याच्या बंदरातून नवा पाइप आणला. मीच बसवला, पत्र्यापासून लांब बांधला. तेल भरलं. गिअर टाकून अर्धा तास चालवलं. पेपर कोरडा! बाबा धक्क्यावरून म्हणाले, "शाब्बास गो!"
तेवढ्यात फोन. "गळतं अजून?"
"गळतं," मी म्हणाले.
का म्हणाले असेन?

२२ नोव्हेंबर
रोज फोन येतो. आज त्याने सील तपासायला सांगितलं. मी "हं, हं" करत होते. मग बोलता बोलता तोच गुहागरच्या आठवणीत गेला — लग्नानंतर याच बोटीतून मला नेलं होतं, वाटेत मुद्दाम इंजिन बंद केलं होतं. "तू घाबरलेलीस." नव्हते घाबरले! नुसतं तरंगत होतो. किनारा लांब, वारा पडलेला, आणि आम्हाला कुठेच पोचायचं नव्हतं.
दुपारच्या फेरीला एका बाईंनी विचारलं, "एकट्याच का हसताय?"

२८ नोव्हेंबर
"तिसऱ्यांदा करार वाढवतोस का, विचारतायत कंपनीवाले. काय सांगू?" म्हणाला — म्हणजे निर्णय माझ्यावर. 'नको, ये,' म्हणायचं होतं. तोंडातून मात्र आलं, "आज जास्तच गळतंय."

२९ नोव्हेंबर
फोन नाही.

१० डिसेंबर
बारा दिवस. मी केला तर लागत नाही. खोटेपणा कळला असेल. लागला की खरं सांगून टाकणार. खाडीवर धुकं, समोरचा काठ दिसत नाही. बोट बांधूनच ठेवली.

१३ डिसेंबर, शनिवार
सकाळी बोट धूत होते. धक्क्यावर बॅग घेऊन महेंद्र! करार न वाढवता, न कळवताच आलेला. तसाच आत उतरला, फळी उचलली, गिअरबॉक्सखाली हात घातला. हात कोरडा बाहेर आला. महेंद्र त्या हाताकडे बघतच राहिला.
वरून बाबा ओरडले, "अरे, तो पाइप तिने कधीच बदलला!"
"नाय बाबा," महेंद्र म्हणाला, "गळतंय अजून. आता घरीच राहायला लागेल."