समाईक जमिनीची पाचवी सही

प्रिय अण्णा,

उद्या वडगावच्या नोंदणी कार्यालयात कुसगावच्या जमिनीचे खरेदीखत व्हायचे आहे. तुमच्या चारही मित्रांनी होकार दिला आहे. पाचवी सही तुमची असती. तुमच्यामागे ती आईची आणि माझी झाली. आई म्हणते, "तू सांगशील तितं सही करते." म्हणजे तिचाही निर्णय माझ्याच ओंजळीत आला! चार माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून आधी तुम्हांला लिहिते आहे. निदान तुम्ही मध्येच उठून कोणाला फोन लावणार नाही.

तो प्लॉट पहिल्यांदा दाखवायला मला नेलेत, तो दिवस आठवतो? कारखान्यातले तुम्ही पाच फिटर, एक टेप आणि चुन्याची पिशवी. मालक प्लॉटचे तुकडे करून द्यायला तयार नव्हता, म्हणून पाचांनी मिळून अख्खा घेतलात. सातबाऱ्यावर पाच नावे, हिस्सा समाईक. वाटण्या मात्र चुन्याच्या रेघांनी केलेल्या! आपल्या वाट्याच्या कोपऱ्यात तुम्ही पिंपळाचे रोप लावलेत, तेव्हा तुमच्या पाचांतले शेलारकाका म्हणाले होते, "आरं, एवढ्याशा जागंत पिंपळ? बंगला कुटं बांधणार, फांदीवर?" तुम्ही हसलात, आणि मला जवळ ओढून म्हणालात, "प्रज्ञा, आपल्या घराण्यात सातबाऱ्यावर चढलेलं हे पहिलं नाव." त्या वेळच्या तुमच्या चेहऱ्यामुळे मी पुढे कधी काही विचारले नाही.

विचारायला हवे होते. समाईक हिश्श्यावर बँकेने कर्ज नाकारले, तेव्हा बँक असे का म्हणते, हे आपण का ऐकून घेतले नाही? उद्या एकाला विकायचे झाले आणि दुसऱ्याला नको असले, तर काय करायचे, हे तुम्ही पाचांनी एका ओळीत तरी का लिहून ठेवले नाही? "आपल्यात कशाला कागद?" एवढेच तुमचे उत्तर. आणि मग जमिनीचे पैसे भरायला पतसंस्थेत आपले राहते घर गहाण टाकलेत. आईने सही केली, पण तिला समजावून सांगितले होते का, अण्णा? की नुसते बोट ठेवून दाखवले होतेत, "हितं कर"?

तुमचा हिशेब मला तोंडपाठ आहे. छोटा बंगला बांधायचा, लोणावळ्याला येणाऱ्या पर्यटकांना भाड्याने द्यायचा, हप्ता भाड्यातून परस्पर जाईल. पण तुम्ही शनिवार-रविवारचे भाडे साऱ्या आठवड्याला लावलेत! सोमवार ते शुक्रवार रिकामी राहणारी घरे आपण येता-जाता पाहत होतो की. आणि बंगला तरी कुठे झाला? पाचांचे एकमत होईना, म्हणून पायासुद्धा खणला गेला नाही. हप्ता मात्र कर्ज घेतले त्याच महिन्यापासून सुरू झाला. आज माझा शाळेतला पगार हातात पडतो आणि त्याच वाटेने निघून जातो. संशोधनासाठी मिळालेला प्रवेश मी सोडला. आईला सांगितले, मलाच शिकायचा कंटाळा आला. तिने ते खरे मानले, असे मी मानते.

आता मुंबईचे एक गिऱ्हाईक आले आहे. घेईन तर पूर्ण प्लॉट, नाहीतर काहीच नको, असे त्याचे म्हणणे. गेल्या रविवारी एजंटने आम्हा सर्वांना कुसगावच्या एका हॉटेलात बसवून व्यवहार सांगितला: थोडी रक्कम खरेदीखताच्या दिवशी, उरलेली बांधकामाची परवानगी मिळाल्यावर. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या हातातला चहा निवून गेला होता. कशीबशी म्हणाले, "परवानगी केव्हा मिळेल?"

"मिळते हो, मॅडम."

"पण केव्हा?"

"मिळते तेव्हा मिळते! तुम्ही फार वाचता बुवा."

सगळे हसले. शेलारकाकाही हसले.

अण्णा, मी वहीत मांडून पाहिले. पहिल्या रकमेतल्या आपल्या वाट्यातून कर्ज फिटत नाही. म्हणजे जमीन जाईल, नाव जाईल, आणि घर गहाणच राहील. म्हणून मी म्हटले, "आमच्या वाट्यातून आधी पतसंस्थेचं कर्ज पूर्ण फेडा. उरलेलं आम्हांला सावकाश दिलंत तरी चालेल." एजंट म्हणाला, "एकीला दिलं की बाकीचे चारही मागतील. गिऱ्हाईक उठून जाईल."

बाहेर आल्यावर शेलारकाकांनी मला बाजूला घेतले. त्यांच्या मुलासाठी परंदवडीत दुकानाचा गाळा ठरला आहे, विसार देऊन झाला आहे; मुदतीत पैसे भरले नाहीत तर विसार बुडेल. "पोरी, बोर्डात पयली आलीस तवा पेढं मी वाटलं व्हतं गावात. आता चार घरं तुज्या सहीवर अडकल्यात. अण्णा आसता तर डोळं मिटून सही केली आसती." मग खालच्या आवाजात म्हणाले, "आन् त्यानं मला शबूद दिलता. तू इकशील तवा मीबी इकीन म्हनून."

दिला होतात का तुम्ही शब्द? दिलाच असेल. तुम्ही डोळे मिटून सही केली असती, हेही खरे आहे, आणि त्याचाच मला राग येतो! तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी हेच काका आमच्यात मांडी घालून बसले, येत नसताना बुद्धवंदनेतले त्रिसरण पुटपुटत राहिले. त्या माणसाचा विसार माझ्यामुळे बुडावा? सही केली तर आई अडकते, नाही केली तर काका. तिसरी वाट मी शोधली नाही, असे समजू नका. वकिलांना विचारले. वाटणीचा दावा लावता येतो, म्हणाले, वर्षे जातील.

चुन्याच्या रेघा आता कुठेही दिसत नाहीत, अण्णा. आपला कोपरा नेमका कोणता, हे मला केवळ पिंपळावरून ओळखता येते.

जमीन राखीन, असे वचन मी देत नाही. ती तुमची हौस होती, आणि ती हौस मला पेलत नाही. उद्या सकाळी कार्यालयात जाण्याआधी मी शेलारकाकांच्या दारात जाईन. चिठ्ठी पाठवणार नाही, आईला पुढे करणार नाही. पतसंस्थेचे कर्ज खरेदीखताच्याच दिवशी फिटणार नसेल तर आमची सही मिळणार नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगेन. ते शिव्या देतील, तर उभी राहून ऐकेन. रडतील, तर काय करीन, ते मला अजून ठाऊक नाही. पण आईचे घर गहाण ठेवून मी कोणाचाही शब्द पाळणार नाही, अण्णा. तुमचासुद्धा नाही.

तुमची,
प्रज्ञा