जोखीम : कमी

४ मार्च, सकाळी ९.२०
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. नऊ वीसला धाकटीच्या खोलीशेजारची भिंत फोडायला घेतली. ब्लड कॅन्सरच्या वॉर्डात! केमोनंतर माझ्या बहिणीच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर, आणि दाराखालून धूळ आत येतेय. मुकादमाला म्हटलं, बंद करा. "मॅडम, परवानगी आहे." कोणाची? धुळीची?
दाराशी ओला टॉवेल लावला. धाकटी म्हणते, "ताई, जरा गोड बोल गं. सुया मला टोचून घ्यायच्यात."

५ मार्च
ताप. १०१.

७ मार्च
ताप हटत नाही. अँटिबायोटिक बदललं. आज पलंगाला अडकवलेली फाइल वाचून काढली — वाचू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. रोजचा एक रकाना : बुरशीच्या संसर्गाची जोखीम. पहिल्या दिवशी "कमी". तेव्हा केमो व्हायची होती, पेशी बऱ्या होत्या, भिंतही शाबूत होती. पुढे अकरा दिवस, अकरा वेळा "कमी".
नर्स म्हणाली, "आदल्या दिवशीचं बघून भरतो आम्ही. डॉक्टरांनी बदललं तर बदलतो." डॉक्टर म्हणतात, "तो रकाना नर्सचा." वा!
शाळेत शेजारणीचं बघून लिहिलं तर नन्स हातावर पट्टी मारायच्या. इथे त्यावर शिक्का मारतात.

८ मार्च
छोट्या डॉक्टरला जिन्यात गाठलं. "चौथा दिवस तापाचा, पेशी नाहीत, शेजारी भिंतीची धूळ, धुळीत बुरशी. छातीचा सीटी स्कॅन का नाही?"
"आजी, नेटवरचं वाचून घाबरू नका."
आजी! अडतीस वर्षं विमा कचेरीत लोकांची जोखीमच मोजली मी. एक अर्ज न वाचता "कमी" लिहिलं असतं तर घरी बसवलं असतं मला.
धाकटी खोकली. रुमाल उशीखाली सरकवला. लाल होता.

९ मार्च
मोठे डॉक्टर स्वतः आले. सीटी झाला. दोन्ही फुप्फुसांत डाग — बुरशीच असावी. औषध आजपासून. "चार दिवस आधी कळतं तर..." म्हणाले. मी म्हटलं, वाक्य पुरं करा. फाइल मिटून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

१० मार्च
आयसीयूत हलवलं. श्वासासाठी घशात नळी घातली. आता ती बोलू शकत नाही.

११ मार्च, दुपारी १२.१०
धाकटीचा चष्मा खोलीत राहिला होता, तो आणायला गेले. तिच्या पलंगावर विशीतली एक मुलगी. तोच आजार. केमो कालपासून. शेजारी ठोकाठोक चालूच. तिची आई फडक्याने खिडकी पुसत होती, मला बघून हसली. फाइल उघडली. "कमी."
रात्रभर लिहिलेली माझी तक्रार फाडली. चार ओळींचं नवं पत्र ऑफिसात दिलं, पोच घेतली. नक्कल इथे ठेवते :
"फोडकामाशेजारच्या खोलीतल्या नव्या मुलीची जोखीम आज कोणी तपासली, आणि तिला तिथून किती वाजता हलवणार? उद्या, १२ मार्च, सकाळी दहाच्या आत लेखी उत्तर द्या. माझ्या बहिणीबद्दल आपण नंतर बोलू."