तेरा नंबरच्या पॅडवरची थाप

बा, तुझ्या डफड्याचं काम आता माझ्यासमोरच्या टेबलावर एक पेटी करते. तिच्यावर रबराच्या सोळा चौकटी, वर गोल फिरत्या खुंट्या, बाजूला बटणं. आम्ही तिला पॅड म्हणतो. गंमत अशी की तिच्या पोटात आवाज नसतोच. कुठली चौकट दाबली आणि किती जोरात, एवढाच निरोप ती लॅपटॉपला पाठवते, आणि वाजतो तो लॅपटॉप. तू असतास तर म्हणाला असतास, "मंग ह्या डब्याले घेतलं कायले?"

घेतलं तेरा नंबरसाठी. मेडशी गावच्या लग्नात तू शेवटचं वाजवलंस, ते चुलतभावाने मोबाईलवर धरलं होतं. वाशीमच्या दुकानदाराने त्यातली तुझी एक थाप कापून तेरा नंबरच्या चौकटीवर बसवली आणि बजावलं, "ह्या कोपऱ्यातल्या खुंटीले हात नोको लावू." काहून, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे तो मोबाईल विहिरीत पडला. म्हणजे बा, तुझं ऐकण्यासारखं जे काही उरलंय ते तेरा नंबरवर. आणि आईचं काय सांगू! पावसाळ्यात पॅड दबका वाजतो असं मी म्हणाले, तर तिने तो गुपचूप चुलीशी शेकायला ठेवला. तेराचा कोपरा वितळून वाकडा झाला. मी ओरडले, तर म्हणते, "तुया बापाचं डफडं शेकल्याबिगर बोललं का कधी?"

तिचं तरी काय चुकलं? अंगणात तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, पेटवून डफड्याचं कातडं ताठ होईस्तोवर शेकायचं काम माझंच होतं. एकदा ढगाळ दिवशी मी खेळायच्या नादात तसंच आणून दिलं. चारचौघांत तू डफडं माझ्या हातात परत ठेवलंस. "हे काय भाकर हाये का बाई, थंडी चालाले?" सगळे हसले. मला इतका राग आला होता तुझा, की जेवले नाही. आता त्या तुराट्यांचा धूर आठवला की डोळे भरतात, आणि धुरानेच भरतात असं नाही.

काल किन्हीराजा गावात लग्न होतं. वरात वेशीपाशी आलेली, बँजोवाले मास्तर सूर लावून तयार. मी नेहमीसारखं आधी तेरा नंबरवर बोट मारलं. काही नाही. पुन्हा मारलं, जोरात. काही नाही. बाकीच्या चौकटीही मुक्या. मास्तरांनी वायर हलवून पाहिली आणि ते सगळ्यांसमोर खेकसले, "काहून वाजून नाही राह्यला? तुले समजते का नाही त्यातलं?" मला वाजंत्रीची, वरातीची कशाचीच पडलेली नव्हती. पुसला गेला, बा पुसला गेला, एवढंच डोक्यात. दिसेल ती खुंटी फिरवत सुटले, कोपऱ्यातलीसुद्धा. मग बाजूला एक बारीक लाल दिवा दिसला. ते बँकेचं बटण. बँक म्हणजे सोळा आवाजांचा एक संच. पॅड पिशवीतून काढताना ते दाबलं गेलं असणार, आणि मी मघापासून रिकाम्या संचावर बडवत होते. देवा रे! बटण दाबलं, तेरावर बोट ठेवलं.

थाप आली. आणि तिच्यामागून, मांडवातल्या दोन्ही भोंग्यांतून, तुझा आवाज आला. "बाई, शेकून आन."

कोपऱ्यातली ती खुंटी म्हणजे आवाज कुठे तोडायचा त्याची. दुकानदाराने थापेपुढचं कापून फेकलेलं नव्हतं, फक्त झाकलेलं होतं. इतकी वर्षं तू तिथेच होतास, आणि मी भीतीने खुंटीला हात लावला नव्हता. मांडव हसला, मास्तर म्हणाले, "कोन बोललं रे?" मी खुंटी होती तिथे फिरवली आणि वाजवायला लागले. वरात नाचली, सगळं छान पार पडलं.

हा कागद काही टपालात टाकायचा नाही, म्हणून तुलाच सांगते, मास्तरांना नाही. तुझा आवाज आला तेव्हा मी तुराट्या आणायला उठले होते, बा.