पाठीच्या पाण्यातली खूण

प्रिय ताई,

आज दवाखान्यातून आले आणि तुलाच लिहायला बसले. आईला अर्धंच सांगितलं. उरलेलं ऐकायला तुझ्याशिवाय कोण आहे?

माझ्या पाठीच्या कण्यातलं पाणी सुईनं काढून मुंबईला तपासायला पाठवलं होतं. त्यात तुझ्याच आजाराची, मल्टिपल स्क्लेरोसिसची, खूण निघाली. डॉक्टर म्हणाले, "आजार झालाय असं मी म्हणत नाही. पण पुढे होण्याची शक्यता बरीच आहे." कधी, ते त्यांनाही सांगता येईना.

तुझ्या वेळी असली तपासणी कुठे होती? मागावर बसल्या बसल्या तू म्हणालीस, "बाबा, हा लाल फिका दिसून राहिला मले." बाबा सूत उचलून थेट रंगाऱ्याशी भांडायला गेले. बिचाऱ्यानं तेच सूत पुन्हा रंगवून दिलं. एक डोळा झाकून बघ, असं तुला कोणी म्हटलंच नाही. कोष्ट्याचं घर आपलं. रंग बिघडला की दोष सुताचा, डोळ्यावर संशय कोण घेणार?

म्हणून लुगड्याचा काठ माझ्या उजव्या डोळ्याला विटका दिसला, तेव्हा मी दवाखाना गाठला. पुढे नजर आपोआप सुधारली. घरचे निर्धास्त झाले, मी नाही.

तुझेही पाय असेच सुधारले होते ना? लग्नानंतरच्या मे महिन्यात ते लुळे पडले, तेव्हा ऊन लागलं म्हणून सासूनं तळपायाला कांदा चोळला. पावसाळ्यात तू चालायला लागलीस. पुढच्या उन्हाळ्यात भाऊजींनी तुला आणून सोडलं ते कायमचं. "आजारी पोरगी आमच्या गळ्यात बांधली," म्हणाले. तू गप्प का राहिलीस गं? मला अजून राग येतो. आपल्याला कुठे काही माहीत होतं?

मला मात्र माहीत आहे. रविवारी उमरेडचे लोक लग्न पक्कं करायला येताहेत. मुलगा मला मनापासून आवडलाय. आई म्हणते, "बोलू नको वं. होते का नाही होत, कोणाले ठाऊक?" तिला तरी काय म्हणू? एक लेक तिनं डोळ्यांदेखत झिजत झिजत मरताना पाहिली आहे.

पण तुला शब्द देते, ताई. सुपारी फुटायच्या आधी मी त्याला सगळं सांगेन. तो उठून गेला तर रडेन आणि कामाला लागेन. "चालेल मले" म्हणून थांबला, तर मात्र पुढच्या प्रत्येक उन्हाळ्याची मला जास्त भीती वाटेल.

तुझीच,
सुमी