मेणातला तीळ

सोमवार, ३ जून

मिळाली. इंटर्नशिप मिळाली, रुजूही झाले, आणि पहिल्या दिवशी कुणी मला चहा आणायला पाठवलं नाही. याची नोंद व्हायलाच हवी. गेल्या ठिकाणी डॉक्टरकीची पदवी घेतलेल्या मुलीचं मुख्य काम म्हणजे साहेबांचे कप उचलणं हे होतं.

मामाची समजूत आहे की पॅथॉलॉजी म्हणजे मढी चिरणं. असल्या मुलीला स्थळ कुठून यायचं, असं तो काल जेवताना म्हणाला, तेही माझ्या ताटातला शेवटचा घास त्याच्या नजरेखाली असताना. आईने तोडगा काढला आहे. ती सगळ्यांना सांगते, की मुलगी तपासणीच्या कामात असते. ऐकणाऱ्याला वाटावं, मी पोलिसांत आहे.

वाटू दे. इथल्या मॅडमनी सहा महिन्यांनंतर चांगलं शिफारसपत्र दिलं, तर पुढच्या शिक्षणाची जागा पक्की. मॅडमचा शब्द या क्षेत्रात चालतो. मग मामाने खुशाल मढ्यांची डॉक्टर म्हणावं.

जागा छान आहे. खाली काउंटर आणि बाकडी, वर लांबलचक खोली. मोठ्या खिडक्या, खिडकीला लागून सूक्ष्मदर्शकं. फॉर्मलीनचा वास कांदा चिरल्यासारखा डोळ्यांत जातो, पण टेबलं इतकी स्वच्छ, की आईला दाखवायला हवीत. मॅडम कमी बोलतात आणि बोललेलं दोनदा सांगत नाहीत. मला अशी माणसं आवडतात.

गुरुवार, ६ जून

आज कापण्याच्या खोलीत बसले. तिथलं राज्य तंत्रज्ञ काकांचं. मशीन म्हणजे त्यांची लाडकी लेक, परक्याने हात लावलेला खपत नाही. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचा खोडरबराएवढा ब्लॉक करतात. काका चाक फिरवतात, ब्लॉक पात्यावर घासतो, आणि कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप निघतात. ते काचेवर घेऊन रंगवायचे, की पेशी जांभळ्या-गुलाबी दिसतात.

रंग नीट चढला की नाही हे कळायला रोज एक ओळखीची काच सोबत रंगवतात. तिला कंट्रोल म्हणायचं. काका सकाळी सगळ्यात आधी कंट्रोलचा ब्लॉक कापतात. हा ब्लॉक ते कित्येक वर्षं कापताहेत म्हणे. मी विचारलं, असा कसा तो झिजत नाही? माल चांगला असला की पुरतो, असं म्हणून त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं. प्रश्न कमी विचारायचे आणि पाणी जास्त पुसायचं, अशी इथली शिकवणी.

काउंटरवरच्या ताई मात्र बोलक्या. एकेकाळी त्याही इथे इंटर्न म्हणून आल्या होत्या आणि राहून गेल्या. काटकुळ्या आहेत, ऐन उकाड्यात स्वेटर घालतात. सकाळी वर चाक फिरायला लागलं, की बोलता बोलता थांबतात, काउंटरची कड धरतात आणि डोळे मिटतात. समोरचा माणूस पावती धरून उभा. मी म्हटलं, लॅबमध्ये बसून स्वतःचं रक्त तपासत नाही म्हणजे कमाल झाली. त्या हसल्या. म्हणाल्या, अगं, माझं रोजच तपासतात.

मंगळवार, ११ जून

काय दिवस गेला आज.

माझ्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली, लहानपणापासून एक मोठा तीळ आहे. मॅडमनी पाहिला आणि म्हणाल्या, पट्टा घासतो तिथे तीळ ठेवू नये. दुपारी स्वतः काढून दिला, टाके घातले. मग बशी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, आता हा तुझा पहिला नमुना.

आपलाच तुकडा आपणच कापायचा. हसू येत होतं, पण हात हलू दिला नाही. पुस्तकात सांगतात तसा बरोबर मधोमध उभा छेद घेतला. दोन सारखे अर्धे, दोन वेगळ्या डब्या. मॅडमनी ते काकांना बोलावून दाखवलं. असा हात पाहिजे, म्हणाल्या. काकांनीही मान हलवली, म्हणजे त्यांच्या मानाने हा सत्कारच.

आईला फोनवर सांगितलं. तिला वाईट वाटलं. तीळ शुभ होता म्हणे.

शनिवार, १५ जून

तीळ निरुपद्रवी निघाला. तसा अहवाल मीच लिहिला, मॅडमनी एकही शब्द खोडला नाही.

पेढे नाहीत, निदान बिस्किटं तरी द्यावीत म्हणून खाली गेले. ताईंचं हसू मावळलं. तुझा ब्लॉक कुठे आहे, विचारू लागल्या. मी म्हटलं, असेल कपाटात, सगळ्यांचे असतात तिथेच. त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं कागदासारखी हलकी. मागून घे, म्हणाल्या, आजच मागून घे, भीड धरू नकोस. मी म्हटलं, तिळाची आठवण ठेवायला मी काय प्रेमात पडलेय का.

बाई चांगल्या आहेत, पण एकटेपणाने माणूस जरा चळतं.

शुक्रवार, २१ जून

सूक्ष्मदर्शक मोकळं होतं म्हणून कंट्रोलची काच लावून पाहिली. कानाच्या पाळीची कातडी, असं काचेवर लिहिलेलं. नेहमीसारखीच, पण मग एक पेशी दुभंगताना दिसली. बाजूला दुसरी. जिवंत वाढणाऱ्या कातडीत दिसतं तसं. ही कातडी कित्येक वर्षं मेणात आहे. आठवड्याभरातल्या सगळ्या काचा काढून लावल्या. प्रत्येक काचेवर वेगळ्या जागी पेशी दुभंगत होत्या. ब्लॉक झिजत नाही, कारण तो भरून येतो.

मॅडमना दाखवलं. त्यांनी पाहिलं, काच काढून घेतली आणि म्हणाल्या, कंट्रोलमध्ये फक्त रंग बघायचा.

खाली उतरले तेव्हा ताई केस मागे सारत होत्या. डाव्या कानाच्या पाळीला खाच आहे.

मंगळवार, २५ जून

आज त्यांनी सगळं सांगितलं. काउंटरवर गर्दी होती, लोक पावत्या मागत होते, आणि त्या पावत्या देत देत सांगत होत्या, जणू हवापाण्याच्या गप्पा.

त्या इंटर्न असताना कानाच्या पाळीवर गाठ आली. मॅडमनी काढून दिली. तिचा रंग फार सुरेख चढायचा, म्हणून तिचाच ब्लॉक कंट्रोल झाला. तेव्हापासून रोज सकाळी चाक फिरतं आणि त्यांच्यातून काहीतरी ओढलं जातं. ब्लॉक भरून येतो तो त्यांच्यातून. सोडून गेल्या होत्या एकदा, दुसऱ्या गावी. तिथेही कळायचंच. मग परत आल्या. निदान इथे तो डोळ्यांसमोर असतो, म्हणाल्या. आपलं परक्याच्या हाती ठेवून लांब झोप कशी लागेल?

मॅडमना हे माहीत आहे का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, मॅडमना रंग माहीत आहे.

बोलताना त्या खिडकीकडे वळल्या. ऊन त्यांच्या गालातून आरपार आलं. कडेला गुलाबी, मध्ये जांभळं. रांगेतल्या एकानेही पाहिलं नाही. लोकांना आपापली पावती हवी होती.

सोमवार, १ जुलै

ताई नाहीत. खुर्चीवर स्वेटर आहे, बटणं लावलेली, बाह्या काउंटरवर टेकलेल्या.

वर काका हात पुसत उभे. कंट्रोलचा ब्लॉक आज नुसता मेणच निघाला म्हणाले. दूध नासल्याचं सांगावं तसं सांगितलं. ताई कुठे आहेत, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ती फार वर्षं पुरली. त्यांच्या आवाजात कृतज्ञता होती. मला त्या कृतज्ञतेचा भयंकर संताप आला. बाईचं आयुष्य काचांवर पसरायचं आणि वर कौतुक करायचं.

मग त्या म्हणाल्या, नवा कंट्रोल निवडलाय. कोवळी कातडी, उत्तम रंग. तुझ्या शिफारसपत्रात मी याचा आवर्जून उल्लेख करीन.

मंगळवार, २ जुलै

चाक फिरलं. टाक्याच्या जागेतून कुणी दोरा ओढतंय. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं.

मी ब्लॉक मागितला. मॅडम म्हणाल्या, नमुने लॅबचे असतात. सहीसुद्धा माझीच आहे म्हणे, रुजू होताना केलेली.

शुक्रवार, ५ जुलै

काल-आज गेले नाही. पांघरूण घेऊन घरीच बसले. सकाळी त्याच वेळी कप हातातून सुटला. आई ओरडली नाही. वाकून तुकडे गोळा करू लागली.

तिला खरं सांगितलं. तिने मला जवळ ओढलं आणि लगेच हात मागे घेतला. तू अशी हलकी का लागतेस, असं विचारत राहिली. सोड ती नोकरी, म्हणाली. आई, सोडून काय होतं? मी तिथेच आहे ना, कपाटात.

मंगळवार, ९ जुलै

घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. मामा आला होता. त्याने आईला विचारलं, मुलगी कामावर गेलीय का. मी त्याच्या समोर बसले होते.

ताईंना इतकी वर्षं लागली. मला इतक्या लवकर का? काल लॅबमध्ये जाऊन काकांना विचारलं, तर म्हणाले, आता काम वाढलंय — रोज पूर्वीपेक्षा खूप जास्त काप लागतात.

गुरुवार, ११ जुलै

ठरलं. चोरायचा. मॅडमचं पत्र गेलं खड्ड्यात. काका चहाला जातात तेव्हा मशीनवर तो तसाच असतो. काढायचा, घरी न्यायचा, आईच्या हातात द्यायचा. ती जपेल. मी रोज तिच्याजवळ बसेन.

खुर्चीवर अजून स्वेटर आहे. आज बाही हलली — वर, कापण्याच्या खोलीकडे. काही सांगायचं होतं का? नाही. ऊन असेल.

शुक्रवार, १२ जुलै

मिळाला —

माझ्या मुठीत आहे. काका जिन्यावर, मी मशीनपाशी, एका हिसक्यात सुटला. आता खालच्या सामानाच्या खोलीत कडी लावून बसलेय. खिडकीतून ऊन येतंय, वहीवर माझ्या हाताची सावली पडत नाही, पडेल, हळूहळू पडेल. ब्लॉक कोमट लागतोय. मेणातून दिसतो — माझा तीळ. केवढासा. अर्ध्या चंद्रासारखा, एक बाजू गोल, एक सरळ.

हसू येतंय. आईला फोन लावला. ऐकू जात नाही तिला, पण ती फोन ठेवत नाहीये. बोल बाळ, बोल, म्हणतेय. येते गं आई. आत्ता निघते. गोष्ट संप —

वर चाक फिरतंय.

काय कापताहेत? ब्लॉक तर माझ्या —

एक बाजू सरळ. सरळ का —

मधोमध. मीच. दोन डब्या. मॅडमनी काकांना बोलावून दाखव