प्रहरी क्रमांक सतरा

मरोळ, ४ फेब्रुवारी २०२५

ती. विद्याधरमामास गार्गीचा सा. न. वि. वि.

फोनवर लिहिलं की वाचायच्या आधीच तू ते चौघांना पाठवतोस, म्हणून हा कागद. इंटरनेटवर ‘परक्यांना हाकला’ म्हणणारी माणसं स्वतःला कोण समजतात, याचा आम्ही अभ्यास करतोय. यज्ञेश कॉम्प्युटरवर शब्द मोजतो, नीलम मानसशास्त्रवाली त्यांच्या मनात डोकावते, मी समाजशास्त्रवाली नुसती वाचत बसते. ‘जागते प्रहरी’ गटात खरी नावं नसतात, म्हणून आम्ही क्रमांक देतो. क्रमांक सतरा साकीनाक्याच्या परप्रांतीय कारागिरांना रोज शिव्या घालतो आणि खाली लिहितो, ‘कळावे, लोभ असावा.’ कॉम्प्युटरने त्याला ‘प्रेमळ’ ठरवलं. आम्ही पोट धरून हसलो. मग आठवलं, दूधवाल्याच्या चिठ्ठीखालीही असं लिहिणारा माणूस मला एकच माहीत आहे.

रविवारी सतराने आमच्या अभ्यासावर लिहिलं, या देशद्रोही बाईला वाढवलं तरी कुणी? खाली एकाने बाईचा पत्ता विचारलाय. मामा, पेपरात नाव न देता अभ्यासाबद्दल बोललेली ती बाई मी. पत्ता तुझ्याकडे आहे. मला भीती वाटते रे.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे तशी राहू दे.

गार्गी

दहिसर, ९ फेब्रुवारी

चि. गार्गीस अनेक उ. आ.

चौतीस वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळली, लोभाशिवाय कागद संपवणं मला जमायचं नाही. ती बाई तू, हे ठाऊक असतं तर तुला सोडून त्या यज्ञेशला धारेवर धरलं असतं. बाकी लिहिलं त्याचा खेद नाही. तुम्ही तिघं विद्वान. तुझी मामी गेल्यापासून मला रोज सुप्रभात म्हणणारे याच गटात आहेत, ते कुणी मोजलं? तू दिवाळीनंतर फिरकली नाहीस.

पत्ता मी देईन असं तुला वाटलंच कसं? राग आलाय. तरी जेवायला ये. कळावे, लोभ असावा.

मामाचे आशीर्वाद

मरोळ, १३ फेब्रुवारी

ती. मामास सा. न.

आले नाही, चूक माझी. पण तू एकटा पडलास म्हणून त्या कारागिरांनी शिव्या का खायच्या? पत्ता तू देणार नाहीस, पण तो विचारायची हिंमत त्या माणसाला तुझ्याच लिहिण्यातून आली. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. सतराच्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. तुला ते येतं.

तुझीच, गार्गी

दहिसर, १८ फेब्रुवारी

चि. गार्गीस अ. आ.

काल गटात खऱ्या नावाने लिहिलं, हिला मी वाढवलं आणि चांगलं वाढवलं. पत्ता हवा असेल त्याने आधी माझ्या दारात यावं. चार मिनिटांत मला काढून टाकलं. काढलं कुणी, तर ज्याच्याबरोबर रोज सकाळी नदीकाठी फिरतो त्या भाऊरावने. आज तो समोरून आला आणि रस्ता ओलांडून गेला.

माझं सगळंच चुकलं हे अजून पटत नाही, खोटं कशाला लिहू? पण तुला माझी भीती वाटली, ते वाचल्यापासून जेवण जात नाही गं. आज फोन एकदाही वाजला नाही. तू कर. राग असेल तरी कर.

मामा